गोदाकाठची दिवाळी

मुलांनो, सुट्टीत घरी पाहुणे आले की एक प्रश्न ठरलेला असतो. "तुमच्या गावात बघण्यासारखं काय आहे?" मुंबईच्या मुलांना याचं उत्तर तोंडपाठ असतं. चौपाटी, मरीन ड्राइव्ह, गेटवेवरून लाँचमध्ये बसून घारापुरी. सगळं कसं पाण्याच्या काठाला! आमच्या लातूरची मुलं मात्र पाहुण्यांना गंजगोलाईत नेतात. गोल बाजारपेठ, तिला येऊन मिळणारे सोळा रस्ते आणि मधोमध जगदंबेचं देऊळ. महाशिवरात्रीच्या सुमारास पाहुणे आले तर सिद्धेश्वराची यात्रा दाखवता येते. पण पाण्याकाठी हिंडायला न्यायचं तर कुठं नेणार? आमची मांजरा नदी शहराला वळसा घालून लांबून जाते आणि उन्हाळ्यात तिच्या पात्रात पाण्यापेक्षा बाभळीच जास्त दिसतात.

त्यामुळे नदी बघायची म्हटलं की आमच्या घरचे सगळे एकच नाव घेतात. नांदेड! तिथं माझं माहेर आहे, हे एक कारण झालंच. पण नांदेडच्या नावातच नदीचा काठ आहे, बरं का. शंकराच्या नंदीनं गोदावरीच्या तटावर तप केलं, म्हणून 'नंदितट' आणि त्याचं पुढं नांदेड झालं, अशी एक आख्यायिका सांगतात. नंदीनं तप केलं की नाही ते नंदीलाच ठाऊक. काठ मात्र खरा आहे.

आता मी तुम्हाला २०१६ सालच्या दिवाळीची गोष्ट सांगणार आहे. पण त्याआधी त्याच वर्षाचा उन्हाळा सांगायला हवा, नाहीतर दिवाळी कळायची नाही.

त्या वर्षी लातूरला आगगाडीनं पाणी आणलं होतं. तुमच्यातल्या मोठ्या मुलांना किंवा तुमच्या आईबाबांना ते आठवत असेल. लातूरला पाणी देणारं मांजरा धरण आटून गेलं होतं. पाण्याच्या टाक्यांपाशी भांडणं होऊ नयेत म्हणून मार्च महिन्यात तिथं जमावबंदी लावावी लागली. पाण्यासाठी जमावबंदी! मग एप्रिलमध्ये मिरजेहून कृष्णेचं पाणी घेऊन 'जलदूत' नावाची गाडी निघाली. मिरज ते लातूर हे अंतर साधारण ३४२ किलोमीटर. पहिल्या गाडीला दहा वाघिणी होत्या आणि त्यांत मिळून सुमारे पाच लाख लिटर पाणी होतं. पुढं पन्नास वाघिणींची गाडी सुरू झाली, तिच्यातून पंचवीस लाख लिटर येऊ लागलं. पावसाळा लागून ऑगस्ट उजाडेपर्यंत ती गाडी चालू होती.

पाच लाख लिटर म्हटलं की केवढं तरी वाटतं, नाही? मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. त्या आठवड्यात मी फळ्यावर भागाकार घातला. लातूरची लोकसंख्या धरली चार लाख. मुलांनी उत्तर काढलं, माणशी सव्वा लिटर. मागच्या बाकावरून आवाज आला, "बाई, एवढं तर आमच्या तांब्यात मावतंय." पन्नास वाघिणींचा हिशेब केला तेव्हा माणशी सहा लिटर आले. तेवढ्यात पिणं, स्वयंपाक, अंघोळ, धुणं, भांडी आणि म्हातारी माणसं. त्या तासाला वर्ग निम्मा रिकामा होता. टँकर यायची वेळ आणि शाळेची वेळ एकच पडली, की असंच व्हायचं.

आमच्या घरी टँकरचा नंबर लावायचं काम ओंकारकडं होतं. ओंकार हा माझ्या दिरांचा मुलगा, तेव्हा चौथीत. आमच्या गल्लीत आठ-दहा दिवसांनी टँकर यायचा. पहाटेपासून घागरी, हंडे, रंगाचे रिकामे डबे रांगेत मांडून ठेवायचे आणि कुणी पुढं घुसत नाही ना, यावर लक्ष ठेवायचं. ओंकारला गल्लीतल्या प्रत्येकाची घागर ओळखू यायची. ही पोचा पडलेली जोशीकाकूंची, ही लाल दोरीची शेखचाचांची. हॉर्न ऐकून टँकर कोणता ते सांगायचा. घरात सगळे म्हणायचे, पोरगा हुशार झाला.

सप्टेंबरच्या अखेरीला पाऊस आला, आणि आला तो असा, की मांजरा धरण भरलं. नळाला पुन्हा पाणी आलं. गल्लीतल्या घागरी आपापल्या घरी गेल्या. ओंकार मात्र रांगेतून बाहेर येईना. त्याच्या कॉटखाली पाण्यानं भरलेल्या सात बाटल्या सापडल्या. जाऊबाईंनी डासांच्या भीतीनं त्या ओतून दिल्या, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा भरून ठेवलेल्या. पेला भरून पाणी दिलं तर अर्धंच प्यायचा आणि उरलेल्यावर ताटली झाकून ठेवायचा. रागावून झालं, समजावून झालं. शेवटी दिवाळीत मी भाऊबीजेला नांदेडला निघाले, तेव्हा जाऊबाईच म्हणाल्या, "घेऊन जा त्याला. जरा नदी बघू द्या."

पाडव्याच्या दिवशी आम्ही एसटीत बसलो. मी, माझी सहा वर्षांची मनू आणि ओंकार. त्याच्या पाठीवर दप्तर, आणि दप्तरात कपड्यांपेक्षा जड अशी एक पाण्याची बाटली. चाकूर, अहमदपूर झालं. माळेगाव आलं. माळेगावला मार्गशीर्षात खंडोबाची मोठी यात्रा भरते आणि घोडे, गाढवं, उंट यांचा बाजार असतो. उंट आत्ता का नाहीत, यावर मनूनं लोह्यापर्यंत वाद घातला. मग विद्यापीठाची कमान मागं पडली, विष्णुपुरी आली, आणि थोड्या वेळानं गाडी गोदावरीच्या पुलावर चढली.

पाऊस चांगला झाल्यामुळं पात्र भरलेलं होतं. या काठापासून त्या काठापर्यंत पाणी. शेजारच्या सीटवरच्या आजींनी कनवटीचं नाणं काढून खिडकीतून खाली टाकलं आणि हात जोडले. ओंकार बघतच राहिला. मग माझ्या कानाशी येऊन त्यानं विचारलं, "काकू, हे पाणी कोणाचं हाय?"

मी काही बोलायच्या आत आजीच म्हणाल्या, "गोदामाय हाय ती, लेकरा. कोणाची म्हणून काय विचारायलास?"

संध्याकाळी दादानं सगळ्यांना गोबिंदबागेत नेलं. नांदेडला आलेली मुलं तेव्हा तिथं जायचा हट्ट धरायची, कारण तिथं रंगीत कारंजी आणि लेसरचा खेळ होता. अंधार पडला, गाणं सुरू झालं आणि पाण्याचे फवारे सुरांबरोबर उंच-ठेंगणे व्हायला लागले. मग त्या फवाऱ्यांच्या पडद्यावर हिरव्या-लाल किरणांनी चित्रं उमटली. शीख गुरूंची कथा त्यातून सांगत होते. मनूनं टाळ्या पिटून हात लाल करून घेतले.

आणि ओंकार एकदम उभा राहून मोठ्यांदा म्हणाला, "अहो, पाणी वाया चाललंय! बंद करा ना!"

मागं बसलेले दोघं-तिघं हसले. एक गृहस्थ मात्र हसले नाहीत. त्यांनी विचारलं, "कुठला रे बाळा?" मी म्हटलं, "लातूरचा." त्यांनी नुसती मान हलवली.

माझ्या दादाचं मोटार वाइंडिंगचं दुकान आहे. पंप हा शब्द ऐकला की त्याला झोप येत नाही. खेळ संपल्यावर तो ओंकारला हाताला धरून कारंज्याच्या कडेला घेऊन गेला. "हे बघ, खाली टाकी आहे. तिच्यातलं पाणी पंप ओढतो आणि नळीच्या बारीक तोंडातून वर फेकतो. तोंड बारीक, म्हणून फवारा उंच. वर गेलेलं पाणी परत खाली पडतं ते कुठं? त्याच टाकीत. परत तेच ओढायचं, परत तेच फेकायचं. रोज नवीन पाणी लागत नाही."

"थोडंसं पण वाया जात नाही?"

दादा खोटं बोलणारा नाही. तो म्हणाला, "थोडं जातं. वाऱ्यानं तुषार बाहेर उडतात, थोडी वाफ होते. तेवढं अधूनमधून भरावं लागतं."

"किती घागरी?"

दादानं डोकं खाजवलं. मोटारीची अश्वशक्ती तो झोपेतही सांगेल, पण घागरींचा हिशेब त्याला कुणी विचारला नव्हता.

ती लेसरची चित्रं पाण्यावरच का दिसतात, तेही सांगून टाकते. सकाळी कौलातून किंवा खिडकीच्या फटीतून घरात कवडसा येतो, तो तुम्ही पाहिलाय ना? उजेडाचा तो पट्टा दिसतो, कारण हवेतल्या धुळीच्या कणांवर आपटून प्रकाश आपल्या डोळ्यांपर्यंत येतो. धूळ नसेल तर पट्टा दिसणार नाही, नुसता जमिनीवर ठिपका पडेल. लेसरचंही तसंच. इथं धुळीचं काम पाण्याचे तुषार करतात. हे मी मुलांना सांगायला लागले, तर माझी भाची स्नेहा म्हणाली, "आत्या, सुट्टी चालू आहे."

दुसऱ्या दिवशी भाऊबीज. ओवाळणं दुपारनंतर होतं, म्हणून सकाळी आम्ही घाटांवर गेलो. नांदेडला गोदावरीच्या उत्तर काठानं एकामागून एक घाट आहेत. गोवर्धनघाट, नगीनाघाट, बंदाघाट अशी त्यांची नावं. काठालाच नंदगिरीचा जुना किल्लाही आहे, त्याला तीन बाजूंनी नदीचं पाणी. पण नांदेडचा नदीकाठ पूर्वी इतका नीटनेटका नव्हता, असं दादा सांगतो. हे शहर बदललं ते २००८ साली. त्याचं कारण तीनशे वर्षांपूर्वीचं.

१७०८ साली शिखांचे दहावे गुरू, गुरू गोबिंदसिंग, दक्षिणेत नांदेडला आले. इथंच ७ ऑक्टोबर १७०८ रोजी त्यांचं देहावसान झालं. जाण्याआधी त्यांनी सांगितलं की यापुढं कुणी माणूस गुरू असणार नाही, ग्रंथ हाच गुरू. याला 'गुरू-ता-गद्दी' म्हणतात. पुढं महाराजा रणजितसिंगांनी १८३२ ते १८३७ या काळात इथं गुरुद्वारा बांधवला, तो सचखंड श्री हजूर साहिब. शिखांच्या पाच तख्तांपैकी हे एक. २००८ मध्ये या घटनेला ३०० वर्षं झाली तेव्हा देशोदेशींहून लाखो लोक आले. त्यांच्यासाठी रस्ते रुंद झाले, पूल झाले, विमानतळ सुधारला आणि घाटांना नवं रूप आलं. आज आपण ज्या पायऱ्यांवर बसून शेंगा खातो, त्यांच्यामागं एवढा इतिहास आहे.

नगीनाघाटाची गोष्ट तर मुलांना फारच आवडते. नगीना म्हणजे मौल्यवान खडा. एका भाविकानं गुरू गोबिंदसिंगांना एक नगीना भेट दिला. गुरूंनी तो सरळ नदीत टाकला. भाविकाला वाईट वाटलं, एवढी किमती वस्तू फेकून दिली! गुरू म्हणाले, "जा, तुझा शोधून आण." तो पाण्यात वाकून बघतो तर तिथं नगीनेच नगीने. त्याचा कोणता, तेच कळेना. अशी ही कथा सांगतात. ओंकारनं पाण्यात वाकून पाहिलं. त्याला एक पिशवी आणि दोन नारळ दिसले.

मग दादानं त्याला घागरीचं सांगितलं.

हजूर साहिबमध्ये रोज, अगदी रोज, मध्यरात्र उलटल्यावर एक सेवेकरी गोदावरीवर येतात आणि घागर भरून नेतात. त्या पाण्यानं तख्त साहिबची जागा धुतात. थंडी असो, पाऊस असो, नदीला पूर असो, त्यात खंड नाही. या सेवेकऱ्यांना 'गागरिया सिंग' म्हणतात.

ओंकार घाटावरच्या दगडावर बसला होता. तो उठून उभा राहिला. "रोज? एकच घागर?"

"रोज एक घागर."

"रांग नसते?"

दादानं माझ्याकडं पाहिलं. "नसते," तो म्हणाला.

"मग मागच्या उन्हाळ्यात? तेव्हा पण आणली?"

"तेव्हा पण. इथंही पात्र उघडं पडलं होतं रे. खडक दिसत होते. डबक्याडबक्यात पाणी होतं. पण खंड नाही."

स्नेहा तेव्हा सातवीत होती. ती वर्गातल्या मैत्रिणीबरोबर दिवाळीच्या आधी तख्तस्नान बघायला गेली होती. तिनं त्याचं वर्णन केलं. त्या दिवशी एकदोघं नाही, शेकडो माणसं घागरी घेऊन नदीवर येतात. बायका, मुलं, म्हातारे, सगळे. पाणी नेऊन सगळा परिसर धुतात आणि तिथं जपून ठेवलेली जुनी शस्त्रंही धुतात. आपण खंडेनवमीला हत्यारं पुजतो ना, तशीच भावना. दादाही दसऱ्याला दुकानातल्या पकडी आणि पाने धुऊन-पुसून मांडतो. मग दसरा, दिवाळी आणि होळीला मोठी मिरवणूक निघते, 'हल्लाबोल' म्हणतात तिला. तिच्यात निशाण साहिब असतं, घोडे असतात, आणि एका क्षणी जयघोष करत सगळे एकदम धावत सुटतात. स्नेहा सांगत होती, पण ओंकारचं लक्ष घोड्यांकडं नव्हतं.

"शेकडो घागरी," तो म्हणाला, "आणि भांडण नाही?"

"भांडण कामून होईल?" स्नेहानं विचारलं. नांदेडच्या मुलीला हा प्रश्नच कळला नाही.

दुपारी आम्ही लंगरमध्ये जेवलो. भाऊबीजेचं जेवण घरी असतानाही मुलांना तिथंच जायचं होतं. तिथं कुणीही जावं, कुणाला काही विचारत नाहीत, पैसे घेत नाहीत. सगळे एका पंगतीत खाली बसतात. वाढणारे पुन्हा पुन्हा येतात आणि त्यांच्यात पाणी वाढणाराही असतो. ओंकारनं सवयीप्रमाणं अर्धा पेला प्यायला आणि उरलेला ताटामागं सरकवून ठेवला. पाणी वाढणारे आले, पेल्यात पाणी बघितलं आणि पुढं गेले. स्नेहा त्याला म्हणाली, "पी रे, ते परत येतात." तो म्हणाला, "माहिताय." पण प्यायला नाही.

मला नदीकाठाची नुसती तारीफ करायची नाही. घाटावर उभं राहिलं की काही ठिकाणी नाकाला रुमाल लावावा लागतो. शहरातल्या नाल्यांचं पाणी नदीत येतं. कधी जलपर्णीचा हिरवा गालिचा पसरतो, लांबून छान दिसतो, पण त्याखालचं पाणी गुदमरतं. सणाच्या दुसऱ्या दिवशी तर हार, नारळ, फोटोंच्या चौकटी, थर्माकोलच्या वाट्या असं काय काय काठाला लागलेलं असतं. मनूला नदीत दिवा सोडायचा होता. घाटावर थर्माकोलच्या वाटीतला दिवा विकत मिळत होता. वहिनींनी तो घेऊ दिला नाही. त्यांनी घरून पळसाच्या पानाचा द्रोण आणि कणकेचा दिवा आणला होता. दिवा दोन हात गेला आणि विझला. मनू रडली. वहिनी म्हणाल्या, "विझला तर विझला. कणीक मासे खातील, पान कुजेल. तुझी वाटी तर तुझ्या नातवंडांपर्यंत तरंगत राहिली असती."

पुढं आणखी एका दिवाळीत आम्ही बंदाघाटावर 'दिवाळी पहाट' ऐकायला गेलो होतो. आता कितीतरी शहरांत अशी पहाट होते, पण सभागृहातली पहाट आणि नदीकाठची पहाट यांत फरक आहे. अंधारात सतरंजीवर शाल गुंडाळून बसायचं, समोर स्टेज, बाजूला नदी. गाणं सुरू असताना हळूहळू पाणी दिसायला लागतं. आधी काळं, मग राखाडी, मग एकदम चमकतं. घाटाला ज्यांचं नाव मिळालं ते बंदासिंग बहादूर आधी माधोदास नावाचे बैरागी होते आणि इथंच नांदेडला १७०८ मध्ये त्यांची गुरू गोबिंदसिंगांशी भेट झाली, हे मी शेजारच्या बाईंना सांगत होते, तेवढ्यात गायकानं भूपाळी धरली आणि त्यांनी मला गप्प केलं. बरोबरच केलं.

तर परत २०१६ कडं येऊ. तिसऱ्या दिवशी दादानं आम्हाला विष्णुपुरीला नेलं. नांदेडच्या अलीकडं गोदावरीवर बंधारा घालून पाणी अडवलंय, त्या जलाशयाला 'शंकरसागर' म्हणतात. काठावर काळेश्वराचं देऊळ आहे. इथून पाणी नांदेड शहराला जातं आणि शेतीलाही. शेतं नदीपेक्षा उंचावर आहेत, म्हणून पाणी मोठमोठ्या पंपांनी उचलून कालव्यात टाकतात. यालाच उपसा सिंचन म्हणतात. हे सांगताना दादाचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. त्याच्या मते विष्णुपुरीचे पंप हेच नांदेडचं खरं प्रेक्षणीय स्थळ.

देवळाच्या पायरीवर बसून ओंकारनं इतके दिवस मनात ठेवलेला प्रश्न विचारला. "मामा, नांदेड तर आमच्या जवळ हाय. मग पाणी मिरजेहून कामून आणलं?"

मला वाटतं, हा प्रश्न मोठ्या माणसांनीही विचारला असेल. दादानं काडीनं मातीत नकाशा काढला. "एक म्हणजे त्या उन्हाळ्यात हा शंकरसागरही तळाला गेला होता. नांदेडलाच पुरत नव्हतं, तुम्हाला कुठून देणार? दुसरं, मिरजेला कृष्णेचं पाणी होतं, वाघिणी भरायची सोय करता आली, आणि मिरज, पंढरपूर, कुर्डुवाडी, लातूर असा सरळ लोहमार्ग होता. पाणी नुसतं असून चालत नाही. ते न्यायला वाट लागते."

मग त्यानं दुसरी रेघ काढली. "ही गोदावरी. त्र्यंबकेश्वरला निघते, पैठणवरून नांदेडला येते आणि पुढं जाते. आणि ही तुमची मांजरा. बीड जिल्ह्यात, बालाघाटच्या डोंगरात निघते. लातूर जिल्ह्यातून जाते, कर्नाटकात बीदरकडं वळते, तेलंगणात शिरते आणि तिथून चक्क उत्तरेला उलटी फिरते. कंदकुर्तीला येऊन गोदावरीला मिळते. सातशे किलोमीटरपेक्षा जास्त हिंडते बघ ती."

"म्हणजे आमचं पाणी नांदेडच्या खाली येऊन मिळतं?"

"हो. नांदेड सोडून पुढं."

"मग पुढं?"

"पुढं दोघी मिळून राजमहेंद्रीवरून बंगालच्या उपसागरात."

ओंकारनं विचार केला. "एवढं हिंडून शेवटी खारट?"

दादा इतका हसला की देवळातल्या पुजाऱ्यांनी वाकून पाहिलं.

मी त्यांना बाभळीचंही सांगितलं, कारण ते वेळापत्रक मला फार आवडतं. धर्माबादजवळ गोदावरीवर बाभळी बंधारा आहे. त्याच्याखाली तेलंगणात श्रीरामसागर धरण आहे. वरच्यांनी सगळं पाणी अडवलं तर खालच्यांनी काय करायचं? हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २०१३ साली निकाल लागला. दरवर्षी १ जुलैला बाभळीचे दरवाजे उघडायचे, पावसाळाभर पाणी खाली जाऊ द्यायचं आणि २९ ऑक्टोबरला दरवाजे बंद करायचे. शिवाय १ मार्चला ठरलेला वाटा खाली सोडायचा. आपल्या शाळेसारखंच नदीलाही वेळापत्रक! आणि नंबर कुणी तोडायचा नाही.

"म्हणजे रांगच हाय," ओंकार म्हणाला. "फक्त मोठी."

जाताना त्यानं शंकरसागरात हात बुडवला, मग दुसरा बुडवला. मनूनं त्याच्यावर पाणी उडवलं. तो ओरडला नाही. त्यानंही थोडं उडवलं, अगदी ओंजळभर, आणि लगेच इकडंतिकडं पाहिलं, कुणी रागावतंय का. तिथं रागवायला कुणी नव्हतं. दादा पंपहाऊसकडं बोट दाखवून स्नेहाला काहीतरी समजावत होता आणि ती जांभया देत होती.

परतीच्या एसटीत गर्दी होती. आम्हाला शेवटची सीट मिळाली. वहिनींनी डब्यात करंज्या आणि अनारसे दिले होते, ते लोह्याच्या आतच संपले. मनूचे हात तुपानं आणि साखरेनं बरबटले. ओंकारनं दप्तरातून बाटली काढली. लातूरहून आणलेली तीच, तीन दिवस न उघडलेली. त्यानं झाकण काढून बाटली तिच्या हातावर वाकडी केली. मनूनं खिडकीबाहेर हात काढून ऐसपैस धुतले, मग चेहरा धुतला, मग पुन्हा हात. बाटली अर्धी झाली, पाव झाली. मी ओंकारकडं बघत होते. त्याचा जीव वरखाली होत होता, पण त्यानं बाटली सरळ केली नाही.

अहमदपूरला गाडी दहा मिनिटं थांबली. "काकू, आलोच," म्हणून तो खाली उतरला आणि स्टँडवरच्या नळावर बाटली भरून घेऊन आला. काठोकाठ.